कागद माझ्या हातात होता

पेला त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उचल."

मी तेरा वर्षांची होते. तालुक्याच्या गावची शाळा, मैदानावर मांडव, संस्थेचे चेअरमन पाहुणे. आमच्या शाळेने खो-खोची स्पर्धा जिंकली होती आणि स्पर्धेतली सगळ्यांत चांगली खेळाडू म्हणून मला स्टीलचा पेला मिळणार होता. माझ्या आधी अकरा मुलींना बक्षिसं दिली. चेअरमन प्रत्येकीच्या हातात बक्षीस देत होते, डोक्यावर हात ठेवत होते, फोटोवाला "जरा थांबा" म्हणत होता. मग माझं नाव पुकारलं, आडनावासकट. मी दोन्ही हात पुढे केले. चेअरमननी पेला टेबलाच्या कडेला सरकवला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मी उचलला. काय करणार होते? पुढ्यात सगळं गाव बसलेलं. वर वाकून नमस्कारही केला. त्या नमस्काराची लाज मला अजून वाटते.

खो-खो खेळलेल्यांना माहीत आहे, खो द्यायचा तर बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावावाच लागतो. नुसतं तोंडाने ओरडून भागत नाही. म्हणजे सकाळपासून माझा हात गावातल्या सगळ्या मोठ्या घरांच्या मुलींच्या पाठीला लागत होता. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण जिंकायचं होतं. जिंकून झाल्यावर मात्र माझं बोट चेअरमनच्या बोटाला लागलेलं चालणार नव्हतं.

चेअरमनवरचा माझा राग फार दिवस टिकला नाही. तो माणूस तसाच होता, गावाला ठाऊक होतं. राग टिकला तो आमच्या खेळाच्या सरांवरचा. सर मला वाघीण म्हणायचे. सकाळी सहाला बोलवून, खांब धरून वळायचं कसं, हुलकावणी द्यायची कशी, ते शिकवायचे. त्या दिवशी माइकपाशी तेच उभे होते, बक्षिसांची यादी हातात घेऊन. मी टेबलापाशी वाकले तेव्हा आमची नजरानजर झाली. सरांनी कागदावरचं बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि पुढचं नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी मला वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "मनावर घेऊ नकोस."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला अर्धंमुर्धं माहीत आहे. आता सांगते आहे ते माझी कीव यावी म्हणून नाही. पुढे मी स्वतः जे केलं, ते पेल्याची गोष्ट माहीत असताना केलं. एवढं कळावं म्हणून.

सिडनीत येऊन मला सोळा वर्षं झाली. वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, घर गिरावीनला. देश सोडायच्या आधी मी गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं होतं. आडनाव काढलं, त्या जागी वडिलांचं नाव लावलं. तेव्हा वाटलं, फॉर्म भरायला सोपं. इथे आल्यावर कळलं केवढी सोय झाली ती. वेंटवर्थव्हिलच्या दुकानात मेथीची जुडी निवडताना ओळख झालेली बाईसुद्धा तिसऱ्या वाक्याला विचारते, तुम्ही मूळचे कुठले, आडनाव काय. मी जिल्हा सांगायचे आणि विषय मेथीवर आणायचे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला जायचे. आमटीत गूळ घालायला शिकले. घरातला एक फोटो, जो माझ्या आईच्या घरी दारासमोरच असतो, तो आमच्या बेडरूममध्ये कपाटाच्या आतल्या बाजूला लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ सोळा वर्षं झाकलेली होती आणि बोटं आखडून गेली होती.

इथल्या मराठी मंडळाची मी सेक्रेटरी झाले ती मराठी टायपिंग येतं म्हणून. अध्यक्ष श्रीरंग, पुण्याचा, बँकेत आयटीला. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम लिहिते. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा सगळ्यात आधी फोन त्याचा आला होता. त्यालाच एकदा त्याच्या घरी मीटिंग चालू असताना सुचलं की आपल्या पोरी दिवसभर फोनमध्ये असतात, त्यांना आपला खो-खो शिकवू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न आला, शिकवणार कोण?

मला येत होतं. त्या घरात बसलेल्यांत एकटीला येत होतं. मी बोलले नाही. कुठे शिकलीस, कुठली शाळा, कुणाच्या हाताखाली, हे सुरू झालं असतं. मी मान खाली घालून मिनिट्स टाइप करत राहिले.

तरी पोरींनी खेळावं असं फार वाटत होतं. माझी अन्वी तेव्हा अकरा वर्षांची. म्हणून मी मार्लीनला आणलं.

मार्लीन आमच्याच हॉस्पिटलात फिजिओला होती. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मीगमाह लोक आहेत, गोरे जहाजांतून उतरायच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे राहणारे. ती त्यांच्यातली. ऑस्ट्रेलियन नवऱ्याबरोबर इकडे आली, नवरा वारला, ती राहिली. तरुणपणी हॉकी खेळायची, बर्फावरची, आणि गावातल्या मुलींचा संघ तिनेच उभा केला होता. हे सगळं तिने पहिल्याच भेटीत, कँटीनमध्ये चहा ढवळता ढवळता सांगितलं. मी कोण, माझे लोक कोण, आमचं काय काय गेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हे असं सरळ सांगता येतं?

तिला खो-खो मी शिकवला. जेवणाच्या सुट्टीत, कार पार्कच्या मागच्या गवतावर. नियम, खांब, बसायची पाटी, उठायचं कसं, दिशा एकदा घेतली की मागे फिरायचं नाही. दोन आठवड्यांत तिने खेळाचा गाभा पकडला. म्हणाली, गुडघे वाकवून एकदम थांबणं आणि एकदम सुटणं, हे तर मी जन्मभर केलंय, फक्त खाली बर्फ होता. मला विचारलं, तू का शिकवत नाहीस? मी म्हटलं, वेळ नाही. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि सँडविच खायला लागली.

तीन वर्षं. दर शनिवारी सकाळी सातला मार्लीन मैदानावर. इथल्या गवतात बिंडी नावाचे काटे असतात, आपल्याकडच्या सराट्यासारखे. पोरी अनवाणी खेळायच्या. म्हणून पोरी यायच्या आधी ही बाई गुडघ्यांवर बसून, जिथे जिथे पोरी बसणार तेवढी जागा हाताने चाचपून काटे उपटायची. कौन्सिल मैदानात खड्डा खणू देईना, तर तिने घरी दोन खांब तयार केले, खाली जड बैठक लावून. पोरींच्या तळहातात लाकडाची कुसळं घुसू नयेत म्हणून ते इतके घासले होते की हात फिरवत राहावंसं वाटे. बसायची भीती वाटणाऱ्या पोरीशेजारी स्वतः बसायची. जी रडायची तिला रडू द्यायची, मग म्हणायची, झालं? चल, खो दे. तिसऱ्या वर्षी आमच्या पोरी मेलबर्नला जाऊन जिंकून आल्या. माझी अन्वी, जी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती पाटीवर ओरडताना मी बघितली आहे.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला भारतातून पाहुणे येणार होते आणि सत्कार ठरले होते. सत्कार म्हणजे आपला नेहमीचा, शाल आणि श्रीफळ. मीटिंग श्रीरंगच्या घरी, पोहे, चहा. मी लॅपटॉप घेऊन यादी करत होते. 'खो-खो प्रशिक्षक' असं टाइप केलं आणि पुढे मार्लीन लिहिलं. श्रीरंग माझ्या मागून स्क्रीनकडे बघत होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "खो-खो आपला खेळ. आपल्याच पाहुण्यांसमोर आपल्या खेळाचा गुरू म्हणून ही बाई? कसं दिसेल ते?"

मग त्याने सुचवलं, नाना आहेत ना. नाना त्याचे सासरे, निवृत्त पीटी टीचर, तीन महिन्यांसाठी आलेले. ते पाच-सहा शनिवार मैदानावर आले होते. फोल्डिंग खुर्चीत बसून "शाब्बास" म्हणायचे. खजिनदार वैदेहीला प्रश्न पडला, ही मार्लीन नक्की कोण, रेड इंडियन का? कुणीतरी हो म्हणालं. वैदेही चहा ओतता ओतता अगदी सहज म्हणाली, "त्यांना तिकडे सगळं फुकट मिळतं म्हणे. आपल्याकडच्यांसारखंच."

सगळे हसले.

मीही हसले. हे मला लिहायचं होतं म्हणून इथपर्यंत आले. मी गप्प बसले असं सांगितलं असतं तर त्यातल्या त्यात बरं वाटलं असतं. पण मी गप्प बसले नाही, हसले. कारण हसले नसते तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. आणि मग बॅकस्पेसवर बोट ठेवलं. मार्लीनचं नाव एकेक अक्षर करून गेलं. नानांचं टाइप केलं.

"तिलाही घेऊ ना कार्यक्रमात," श्रीरंग म्हणाला. त्याला खरंच तिला वगळायचं नव्हतं, हेच तर भयंकर आहे. "शालींचं तबक धरू दे. साडी नेसव तिला. फोटोत छान दिसेल."

साडी माझी होती. जांभळी, आईने दिलेली. वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये, स्टेजमागच्या खोलीत मीच तिला नेसवली. निऱ्या घालत मी तिच्या पायाशी बसले होते. तिने विचारलं, मला नेमकं काय करायचं आहे? मी म्हटलं, तबक धरायचं, आमच्यात हा मोठा मान असतो. ती खूश झाली. म्हणाली, आईला फोटो पाठवेन. मी पिन लावत होते, तोंडात दुसरी पिन होती, म्हणून काही बोलावं लागलं नाही.

माइकपाशी मी होते. यादी माझ्या हातात. एकेक नाव मराठीत वाचायचं, मग इंग्रजीत. मार्लीन पाहुण्यांशेजारी तबक घेऊन उभी. समोर तिसऱ्या रांगेत पोरी, टीमच्या जर्सी घालून. मी वाचलं, "आणि आता खो-खोचे प्रशिक्षक, अवर खो-खो कोच." पोरींनी टाळ्या सुरू केल्या, मार्लीनकडे बघून. मार्लीनने तबक डाव्या हातावर घेतलं. उजवा हात मोकळा केला. पदराला पुसला.

मी नानांचं नाव वाचलं.

पोरींच्या टाळ्या थांबल्या. नाना अवघडले, जागेवरून उठताना दोनदा इकडे तिकडे बघितलं, पण आले. मार्लीनचा उजवा हात परत तबकाखाली गेला. तिने तबक जरा पुढे केलं, म्हणजे पाहुण्यांना शाल उचलायला सोपं जाईल. मग तिने माझ्याकडे बघितलं. आमची नजरानजर झाली.

मी कागदावरचं बोट पुढच्या ओळीवर नेलं.

त्या क्षणी मला सर दिसले. सरांचं बोट, त्याचं कापलेलं नख, सगळं. तीस वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात फाडत आले, तो माझ्याच हाताने यादी धरून उभा होता. तरी मी पुढचं नाव वाचलं. नुसतं वाचलं नाही, नीट, स्पष्ट, हसून वाचलं.

गाडीत अन्वीने विचारलं, "आई, व्हाय वॉज मार्लीन होल्डिंग द ट्रे?" मी रिव्हर्स घेत होते. माझ्या तोंडून निघालं, "मनावर घेऊ नकोस." अन्वीला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. त्या रात्री जेवले नाही वगैरे काही झालं नाही. नीट जेवले.

पुढच्या शनिवारी मार्लीनने साडी परत आणून दिली, इस्त्री करून. आणि काटे उपटायला बसली. सीझन संपेपर्यंत येत राहिली. त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त एकदा कँटीनमध्ये आजोबांची गोष्ट सांगितली. तिच्या आजोबांचे आजोबा जंगलात जाऊन मुळाशी वळलेलं लाकूड शोधायचे आणि त्यातून हॉकीच्या काठ्या कोरायचे. एकसंध, जोड नसलेल्या. काठ्या बोटीने लांब लांब जायच्या, त्यांच्यावर खेळाडूंनी नावं कमावली. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहिते आहे. ती म्हणाली, "काठीवर दुकानाचा शिक्का असायचा. कोरणाऱ्याचं नाव नसायचं. आमच्या घरी मात्र सगळ्यांना माहीत होतं." आणि ताटली उचलून गेली. नोव्हेंबरमध्ये तिची आई आजारी पडली, ती कॅनडाला परत गेली. विमानतळावर पोरी रडल्या. मी ड्युटी बदलून घेतली नाही.

दोन वर्षं झाली. परवा मंडळाच्या ईमेलवर पत्र आलं. मार्लीनच्या भाचीचं. त्यांच्या गावातल्या खेळांच्या हॉलमध्ये एक भिंत होते आहे, त्यांच्या मीगमाह लोकांतल्या खेळाडूंची, प्रशिक्षकांची, आणि ज्यांनी गावोगाव खेळ उभा केला त्यांची. फोटो लागतील, प्रत्येकाबद्दल चार शब्द वाचले जातील. यंदा मार्लीनमावशीचं नाव आहे. तिने तुमच्याकडे तीन वर्षं मुलींचा संघ घडवला असं ती सांगते. तुमच्या क्लबच्या दप्तरात जे असेल ते कृपया पाठवा, आम्हाला तिथे मोठ्याने वाचायचं आहे.

दप्तर म्हणजे मी. लंच ब्रेकमध्ये लॅबच्या पायरीवर बसून मी तीन वर्षांचे अहवाल उघडले. मार्लीन असं शोधलं. तीन वर्षांत एकदा सापडलं. शेवटच्या पानावर, 'इतर सहकार्य', पार्किंग आणि स्टेज सजावट यांच्यामध्ये. माझंच टायपिंग. खाली माझं नाव, सेक्रेटरी.

श्रीरंगला फोन केला. तो कामात होता, पण प्रेमाने बोलला. म्हणाला, "दोन ओळी लिही ना. व्हॉलंटियर म्हणून मदत केली, वुई आर ग्रेटफुल. रेकॉर्डमध्ये जे आहे तेच लिहायचं. आता कोच म्हटलं तर नानांचं कसं?"

रेकॉर्डमध्ये जे आहे तेच. मी फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला दोन वर्षं खवखवत होतं आणि मी वर पाणी पीत होते. पण हे पत्र आता तिच्या माणसांसमोर वाचलं जाणार होतं. तिच्या आईसमोर. मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तिच्या स्वतःच्या गावात, तिच्या स्वतःच्या भिंतीखाली, तिच्या हातात पुन्हा तबक आलं असतं. आणि यावेळी ते मी एकटीने दिलं असतं. श्रीरंग नाही, वैदेही नाही.

रविवारी मीटिंग होती, श्रीरंगच्याच घरी. तेच पोहे. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, "रेकॉर्ड मी लिहिलंय. खोटं लिहिलंय. ते दुरुस्त करून पाठवणार आहे."

श्रीरंग म्हणाला, अगं, एवढं काय त्यात. वैदेही म्हणाली, तूच तर यादी वाचलीस, तेव्हा काही बोलली नाहीस. बरोबर म्हणाली. माझ्याकडे फक्त कारण होतं. ते मी सांगितलं.

"त्या दिवशी तू म्हणालीस, आपल्याकडच्यांसारखंच. ते आपल्याकडचे म्हणजे मी."

श्रीरंग कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग वैदेहीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अगं, आम्हाला माहीतच नव्हतं. तू तशी वाटत नाहीस."

तिला माझी समजूत काढायची होती. मी हात काढून घेतला. मी तिला सांगितलं की वाटू नये म्हणूनच मी सोळा वर्षं खपले, आणि तशी न वाटण्यासाठी एका बाईला तबक धरायला उभं केलं. श्रीरंग म्हणाला की पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाणार नाही, कमिटीचा ठराव लागेल. मी म्हटलं ठीक आहे, माझ्या नावावर जाईल. सेक्रेटरीपद सोडतेस का, असं त्याने हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. दप्तर माझ्याकडे आहे आणि ते दुरुस्त होईपर्यंत माझ्याकडेच राहील.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. सगळं लिहिलं. सकाळचे सात, काटे, खांब, मेलबर्न, पोरींची नावं. मग तबक. मग यादी कुणी केली, कुणी वाचली, का. पेला लिहावा की नाही, यावर एक दिवस गेला. शेवटी लिहिला नाही. माझं दुःख तिच्या भिंतीवर टांगायला ती भिंत काही माझी नाही. खाली सही केली, जुन्या, गॅझेटमधून काढून टाकलेल्या आडनावासकट. आधी दुसऱ्या कागदावर गिरवून बघितली. वळणच विसरले होते.

भाचीचं उत्तर आलं, पत्र वाचलं जाईल. त्याखाली मार्लीनच्या चार ओळी होत्या. वाटलं होतं ती माफ करेल, किंवा नाही करणार. दोन्ही नव्हतं. तिने लिहिलं होतं, "यादी तू केलीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पत्र चांगलं आहे. पण मी काय केलं ते मला माहीत आहे, माझ्या लोकांनाही माहीत आहे. मुलींना माहीत नाही. त्यांना वाचून दाखव."

मी ते अन्वीला दाखवलं. ती आता सोळाची आहे, माझ्याइतकी उंच. तिने पूर्ण वाचलं, मग माझं पत्रही वाचलं, आणि शेवटच्या सहीवर थांबली. "इज दॅट अस?" मी म्हटलं, हो. तिने विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. 'मनावर घेऊ नकोस' ह्याशिवाय मला घरात काही शिकवताच आलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. ती खोलीत गेली आणि दार लावलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मला माफी नको आहे. सरांना मी माफ केलेलं नाही, आणि त्याच कामासाठी स्वतःला करणार नाही. चेअरमन गावोगाव एखादाच असतो. पण त्याच्या बाजूला कागद धरून उभा राहणारा कुणीतरी भला माणूस लागतो, त्याशिवाय त्याचं काही चालत नाही. तो माणूस मी झाले होते. आता होणार नाही. मंडळात ठेवोत, काढोत, हळदीकुंकवाला बोलावोत न बोलावोत.

मार्लीन गेल्यापासून खेळ बंद आहे, पण ह्या शनिवारी मी पोरींना बोलावलं आहे आणि सातच्या आधी मैदानावर जाणार आहे. काटे उपटायला मला एक तास लागेल, सवय नाही. मार्लीनचे खांब शेडमधून बाहेर काढून उभे करेन. पोरी येतील, अन्वी आली तर तीही, पाटीवर बसतील. आज कोच कोण, असं विचारतील. मी सांगेन, मी. मला खेळता येतं, तेरा वर्षांची असल्यापासून येतं, आणि कुठे शिकले तेही सांगेन. पण आधी पत्र वाचेन, तबकासकट, एक ओळ न गाळता. त्यांचे आईबाप गाड्यांपाशी उभे असतील, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शेवटी सही आहे. सहीत माझं आडनाव आहे. तेही वाचणार आहे.